वाचकांचे प्रश्न : सोनेरी घुमटाची इमारत

गेल्या अंकात अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचं छायाचित्र छापलं होतं. खाली ओळ एवढीच होती : 'साउथ बेंडजवळच्या कॅथलिक विद्यापीठाची मुख्य इमारत, आग १८७९, पुनर्बांधणी १८७९.' दोन्ही साल एकच पाहून बऱ्याच वाचकांना ती छपाईची चूक वाटली. चूक नव्हती. त्या निमित्ताने आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : पॅरिसच्या नोत्र दामला २०१९ साली आग लागली आणि दुरुस्तीला पाच वर्षं गेली. मग अमेरिकेतली ही इमारत चार महिन्यांत उभी राहिली, हे पटत नाही. तेही १८७९ साली, क्रेन आणि काँक्रीट नसताना? – एक निवृत्त उपअभियंता, सातारा

उत्तर : आधी एक गोंधळ दूर करू. पॅरिसचं नोत्र दाम हे कॅथीड्रल आहे. इथलं नोत्र दाम हे विद्यापीठ आहे. 'होली क्रॉस' संघाचे फ्रेंच धर्मगुरू एडवर्ड सोरिन यांनी २६ नोव्हेंबर १८४२ रोजी ते स्थापन केलं, तेव्हा त्यांचं वय होतं २८. पॅरिसमध्ये जुनी वस्तू होती तशीच परत उभी करायची होती, ओकच्या लाकडाच्या आढ्यासह. इंडियानात जुनं परत आणायचा हट्टच नव्हता. नवा आराखडा, साध्या विटांचं काम आणि हातात एक तारीख. त्यामुळे ही तुलना मुळातच जुळत नाही.

आता चार महिन्यांचा हिशेब. आग २३ एप्रिल १८७९ ला, बुधवारी सकाळी ११ च्या सुमारास लागली. बांधकाम मे महिन्याच्या मध्यावर सुरू झालं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला वर्ग भरले. रविवार वगळले तर कामाचे दिवस शंभरच्या आसपास. विटा लागल्या ४३ लाख ५० हजार आणि माणसं होती ३००. म्हणजे दिवसाला सुमारे ४४ हजार विटा. आपल्याकडे एक गवंडी दिवसाला सव्वा घनमीटर, म्हणजे सहाशेच्या आसपास विटांचं जाड काम करतो असं धरतात. अमेरिकन वीट आपल्या नऊ इंचीपेक्षा थोडी लहान असते, ते सोडून देऊ. ४४ हजारांना सहाशेने भागलं की ७०-७५ गवंडी येतात. उरलेल्या सव्वादोनशे माणसांत मसाला कालवणारे, विटा वाहणारे, परांची बांधणारे आणि सुतार. प्रमाण अगदी जुळतं. आपण अभियंता आहात, तेव्हा आपल्याला हे आकडे चमत्काराचे वाटणार नाहीत. नीट पुरवठा असलेल्या कामाचे वाटतील.

घाई कशासाठी, हा खरा प्रश्न. कारणं दोन. पहिलं पैशाचं. नुकसान दोन लाख डॉलरच्या घरात धरलं गेलं आणि विमा होता ४५ हजारांचा. विद्यापीठाची कमाई विद्यार्थ्यांच्या फीवर. आगीनंतर मुलांना घरी पाठवलं होतं. सप्टेंबरला ती परतली नसती, तर वर्षाची फी बुडाली असती आणि मुलं दुसऱ्या कॉलेजांत गेली असती. दुसरं कारण हवामानाचं. मिशिगन सरोवराजवळच्या त्या भागात हिवाळ्यात दणकून बर्फ पडतं. ओला मसाला गोठला की त्यातलं पाणी प्रसरण पावतं आणि सांधे भुसभुशीत होतात. त्यामुळे विटांचं काम वसंतापासून शरदापर्यंतच. आपल्याकडे पावसाआधी छत घालण्याची जी धावपळ असते, तीच तिथे बर्फाआधी असते. सप्टेंबर चुकला असता तर पुढचा मे.

या हिशेबात एक गोष्ट नेहमी गाळली जाते. सप्टेंबर १८७९ मध्ये 'पूर्ण' झाली ती राहण्या-शिकण्यापुरती इमारत. डोक्यावर घुमट नव्हता. तो १८८२ मध्ये चढला. बाजूचे भाग त्यानंतर जोडले गेले. घुमटाला सोनं लागलं १८८६ मध्ये. म्हणजे आजची इमारत चार महिन्यांची नाही, सात वर्षांची आहे. आधी भिंती, छत, खोल्या. शोभा नंतर, पैसे येतील तशी. वास्तुकार शिकागोचे विलोबी एडब्रुक होते. हेच पुढे जॉर्जियाच्या राज्य विधानभवनाचे एक वास्तुकार झाले आणि त्यानंतर वॉशिंग्टनच्या जुन्या पोस्ट ऑफिसचेही.

प्रश्न : आग नेमकी कशाने लागली? आमच्या सोसायटीत गच्चीवर डांबराचं वॉटरप्रूफिंग करायचं आहे, म्हणून विचारतो. – वाचक, डोंबिवली

उत्तर : आपला संबंध बरोबर जुळला आहे. त्या सकाळी जुन्या इमारतीच्या डांबर-खडीच्या छतावर दुरुस्ती चालली होती. कामगार खाली उतरल्यावर काही वेळाने घुमटाजवळ ज्वाळा दिसल्या. नक्की ठिणगी कुठली, हे ठरलं नाही. पण गरम काम, वाळकं लाकडी आढं आणि वर कोणी नाही, हे तीन एकत्र आले की फार शोध घ्यायची गरज उरत नाही.

पुढचं सगळं उंचीमुळे बिघडलं. जुनी इमारत सहा मजली. बादल्यांची रांग जिन्यावरून वर जाईपर्यंत आग छताखाली पसरली होती. वाफेच्या पंपाला दाब यायला वेळ लागला. शहरातला बंब पोचला तेव्हा वाचवण्यासारखं फारसं नव्हतं. घुमट आणि त्यावरचा पुतळा आतल्या आत कोसळला आणि खालचे मजले घेऊन गेला. तीन तासांत खेळ आटोपला. शेजारचा दवाखाना, संगीताची इमारत आणि वृद्धांचं घरही गेलं. चर्च वाचलं. जीवितहानी झाली नाही, कारण दिवस होता आणि मुलं जागी होती. रात्री हेच झालं असतं तर काय, याचा विचार न केलेला बरा.

दुसरी चूक आराखड्यातली होती. वर्ग, अभ्यासिका, झोपायच्या खोल्या, जेवणघर, ग्रंथालय, कचेरी, सगळं एकाच छताखाली. छत गेलं की कॉलेज गेलं. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी कामं वेगळ्या इमारतींत वाटली : नाट्यगृह, विज्ञानाची इमारत आणि १८८९ मध्ये स्वतंत्र खोल्यांचं वसतिगृह.

आपल्या गच्चीसाठी : डांबराची कढई गच्चीवर पेटवू देऊ नका, ती खाली, मोकळ्या जागी असू द्या. गॅसच्या ज्योतीने चिकटवायची शीट असेल, तर पॅरापेटच्या फटी, लाकडी दारं, एसीचे पाइप आणि केबलची तोंडं ओल्या गोणपाटाने किंवा पत्र्याने झाका. हाताशी किमान दोन अग्निशामक नळकांडी आणि पाणी भरलेला पाइप ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्योत विझल्यावर किमान एक तास एक माणूस वरच थांबला पाहिजे. कंत्राटदार यालाच कंटाळतो. जेवणाच्या सुट्टीत सगळे एकदम खाली उतरतात, ती वेळ सर्वांत धोक्याची. आतल्या आत धुमसणाऱ्या लाकडाला किंवा भुशाला पेट घ्यायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो.

प्रश्न : मग ही तिथली सर्वांत जुनी इमारत नाही का? – विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : नाही. सर्वांत जुनी उभी इमारत म्हणजे १८४३ ची 'ओल्ड कॉलेज'. मुख्य इमारतीचा वास्तुकार वेळेवर आला नाही, म्हणून तोवर काम भागावं यासाठी ही छोटी विटांची इमारत उठवली. तात्पुरती म्हणून बांधलेली टिकली. मुख्य इमारत मात्र तिसरी आहे : पहिली १८४४ च्या सुमाराची, दुसरी १८६५ ची, जी जळाली, आणि ही. ओंडक्यांचं देऊळवजा चर्च पाहून लोक फसतात. मूळ चर्च १८३१ चं होतं, ते १८५६ मध्ये जळालं. आता दिसते ती १९०६ ची प्रतिकृती आहे.

प्रश्न : छायाचित्रात विटा पिवळ्या दिसतात. रंग दिला आहे, की मातीच तशी? आमची वीटभट्टी आहे. आमच्या काही विटा पावसाळ्यात फुटून पांढरे डाग पडतात. त्याचा याच्याशी संबंध असेल का? – भट्टीमालक, सांगली जिल्हा

उत्तर : संबंध आहे आणि तो थेट आहे.

विद्यापीठाच्या आवारात दोन तळी आहेत. (पूर्ण नावात मात्र 'दु लॅक', म्हणजे 'तळ्याचं', असं एकवचन आहे. सोरिन आले तेव्हा सगळं बर्फाखाली होतं, म्हणून त्यांना एकच तळं दिसलं, असं सांगतात.) त्या तळ्यांच्या काठची माती चुनखडीयुक्त आहे, इंग्रजीत तिला 'मार्ल' म्हणतात. सुरुवातीच्या काळात तीच माती खणून त्यांनी विटा पाडल्या आणि तिच्यापासूनच चुनाही भाजला. विटा विकून थोडी कमाईही होई.

आपली वीट लाल होते ती मातीतल्या लोहामुळे. भाजताना लोहाचा ऑक्साइड मोकळा राहतो आणि लाल दिसतो. मातीत चुना भरपूर असला, साधारण दहा टक्क्यांच्या वर, आणि तो बारीक पसरलेला असला, तर हजार अंश सेल्सिअसच्या आसपास चुना, वाळू आणि लोह यांचं संयुग बनतं. त्यात लोह अडकतं आणि वीट फिकट पिवळी किंवा मलईच्या रंगाची होते. आच कमी पडली तर तीच वीट गुलाबीसर राहते. मिशिगन सरोवराच्या पलीकडचं मिलवॉकी शहर अशाच विटांसाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे पिवळा रंग हा मातीचा आणि आचेचा, ब्रशचा नाही.

आता तुमचे डाग. तुमच्या मातीत चुना पसरलेला नाही, खड्यांच्या रूपात आहे. खडा भट्टीत भाजला की कळीचा चुना होतो. वीट बाहेर आली की तो हवेतली ओल पितो, विरतो आणि फुगतो. आतून दाब आला की वरचा पापुद्रा उडतो, खड्डा पडतो आणि तळाशी पांढरा ठिपका दिसतो. वीट घरात लागल्यावर हे झालं तर गिलाव्यालाही फोड येतात. इलाज असे :

माती घेण्याआधी मूठभर सुकी माती सपाट पसरून तिच्यावर सौम्य आम्ल टाका, व्हिनेगर चालेल. सगळीकडे सारखा बारीक फेस आला तर चुना पसरलेला आहे. ठिकठिकाणी जोरात उकळल्यासारखं झालं तर खडे आहेत. माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढा किंवा रोलरमधून दळा. खडा दोन मिलिमीटरच्या खाली गेला की फुगण्याचा जोर फारसा उरत नाही. चाळणं परवडत नसेल तर भट्टी उघडल्यावर विटा गरम असतानाच पाण्यात बुडवून काढा, म्हणजे चुना तिथल्या तिथे विरतो. अर्धवट शिंपडण्याने मात्र उलट नुकसान होतं, वीट पूर्ण भिजली पाहिजे. विक्रीआधी दहा विटा २४ तास पाण्यात ठेवून आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. फुटायच्या त्या तिथेच फुटतील.

पिवळ्या विटेचा एक त्रास तुम्हाला होणार नाही, तिकडे होतो. ती सच्छिद्र असते, काजळी पिते आणि काळवंडते. ती घासून काढायला कुणी वाळूचा फवारा मारला तर भाजलेली वरची कातडी निघते आणि मऊ पोट उघडं पडतं. मग बर्फाचं पाणी आत गोठून वीट थरथराने सुटते. सांध्यांतही कडक सिमेंट भरलं की तेच होतं. वीट मऊ आणि सांधा कडक, म्हणून ओल विटेतून बाहेर पडते आणि वीटच फुटते. जुन्या विटकामाचे सांधे भरताना जुना मसाला सांध्याच्या रुंदीच्या अडीचपट खोल, हाताने छिन्नी-हातोडीने काढायचा, ग्राइंडरने नाही. मसाला चुन्याचा, विटेपेक्षा मऊ. हे आपल्या जुन्या वाड्यांनाही जसंच्या तसं लागू आहे, आणि दुर्दैवाने तिथेही कुणी ऐकत नाही.

प्रश्न : घुमटाचं सोनं खरं असतं का? आमच्या गावच्या मंदिराच्या कळसावर सोनं चढवायचं ठरलं आहे. सराफ 'पत्रा' म्हणतो, दुसरा 'मुलामा' म्हणतो, तिसरा 'वर्ख'. काय घ्यावं? – देवस्थान समितीचे सदस्य, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : सोनं खरं आहे, पण फार थोडं. घुमटाच्या टोकापर्यंत इमारतीची उंची १८७ फूट आहे. वर मरियामातेचा सुमारे १९ फूट उंच, दोनेक टनांचा लोखंडी पुतळा आहे. शिकागोचे जोव्हान्नी मेली यांनी तो रोमच्या स्पॅनिश चौकातल्या स्तंभावरच्या मूर्तीवरून घडवला. शेजारच्या सेंट मेरीज कॉलेजने तो भेट दिला. सोनं लावायचा आग्रह सोरिन यांचा होता. खर्चामुळे बाकीचे तयार नव्हते आणि वाद काही वर्षं चालला असं सांगतात. १८८६ मध्ये सोरिन जिंकले.

तिथे वापरतात तो वर्ख. मिठाईवर चांदीचा असतो तसाच, सोन्याचा. वहीत २५ पानं, प्रत्येक पान सव्वातीन-साडेतीन इंच चौरस. एक हजार पानांचं वजन १८ ते २३ ग्रॅम. एका चौरस मीटरला, कडा एकमेकींवर चढवून, दीडशेच्या वर पानं लागतात, म्हणजे तीन-साडेतीन ग्रॅम सोनं. यावरून ध्यानात येईल की खर्च सोन्याचा कमी असतो. परांची, घासणं आणि कारागिरांचे दिवस यांचा जास्त.

तुमचा कळस लहान, हाताला येणारा आणि काढता येण्याजोगा असेल, तर तांब्यावर जाड विद्युत मुलामा घ्या. तो कारखान्यात, मोजता येईल अशा जाडीचा होतो. जाडी मायक्रॉनमध्ये लेखी मागा, 'भरपूर चढवतो' हे उत्तर घेऊ नका. अमृतसरच्या सुवर्णमंदिरावरही तांब्याच्या पत्र्यावरच सोनं चढवलेलं आहे. जुन्या पद्धतीचा पाऱ्याचा मुलामा कुणी सुचवला तर साफ नकार द्या, पाऱ्याची वाफ कारागिराचा जीव घेते. कळस जागेवरच राहणार असेल, मोठा किंवा नक्षीदार असेल, तर वर्ख.

वर्खाची रीत अशी. जुना रंग आणि गंज निघेपर्यंत धातू साफ करायचा. त्याच दिवशी गंजरोधक प्राइमर द्यायचा. त्यावर पिवळ्या रंगाचे दोन हात, कारण वर्खाला सुईएवढी भोकं असतातच आणि ती पिवळ्यावर दिसत नाहीत. रंग पूर्ण वाळल्यावर बारीक घासून गुळगुळीत करायचा. मग जवसाच्या तेलापासून केलेला चिकट लेप, ज्याला कारागीर 'साइज' म्हणतात, अगदी पातळ ओढायचा. तीन तासांचा मिळतो आणि बारा तासांचाही. बारा तासांच्याने झळाळी जास्त येते, पण तेवढा वेळ धूळ आणि किडे चिकटायची भीती. वेळ झाली की नाही हे घड्याळ सांगत नाही, बोट सांगतं. बोटाचं पेर मागून टेकवून उचललं की 'टक्' असा आवाज यावा आणि बोटाला लेप लागू नये. मग वर्ख, कडा एकमेकींवर तीन-चार मिलिमीटर चढवून, खालून वर. शेवटी मऊ ब्रशने दाबून सुटे तुकडे झाडायचे.

बिघडतं ते असं. लेप जाड बसला तर वरून कातडी धरते, आत ओला राहतो आणि सोनं सुरकुततं. लेप फार ओला असताना लावलं तर सोनं बुडतं आणि मातकट दिसतं. फार वाळल्यावर लावलं तर ठिगळं पडतात. पहाटेचं दव आणि वारा दोन्ही वैरी, म्हणून परांचीला चारी बाजूंनी कापड लागतंच. सोनं २३ कॅरेटच्या वरचं घ्या. त्याखाली चांदी-तांब्याची भेसळ वाढते आणि उघड्यावर ती काळवंडते. आणि वरून वार्निश मारू देऊ नका. 'संरक्षण' म्हणून मारतात, दोनेक वर्षांत ते पिवळटतं, तडकतं आणि निघताना सोनं घेऊन निघतं. नीट झालेलं काम वीस वर्षं सहज जातं. नोत्र दामच्या घुमटावर १८८६ पासून अनेकदा नव्याने सोनं चढवलं गेलं. २००५ च्या कामातही पद्धत वर्खाचीच होती.

प्रश्न : आतली कोलंबसची चित्रं झाकली असं वाचलं. आक्षेप होता तर काढून का टाकली नाहीत? – वाचक, पुणे

उत्तर : कारण ती कॅनव्हासवर नाहीत, थेट भिंतीच्या गिलाव्यावर आहेत. इटालियन चित्रकार लुइजी ग्रेगोरी यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बारा चित्रं काढली. त्या काळच्या अमेरिकेत कॅथलिकांकडे परके म्हणून पाहत. 'हा देश शोधणारा आमच्यातलाच होता' हे सांगायला कोलंबस सोयीचा होता. पण त्या चित्रांत मूळ रहिवासी गुडघे टेकलेले, दबलेले दिसतात आणि ही जमीन मुळात पोटावाटोमी लोकांची. २०१९ च्या जानेवारीत विद्यापीठाच्या अध्यक्षांनी चित्रं झाकण्याचा निर्णय जाहीर केला. आता त्यांवर कापडी पडदे आहेत.

गिलाव्यावरचं चित्र भिंतीपासून सोडवता येतं, पण त्यासाठी चित्रावर डिंकाने कापड चिकटवून रंगाचा थर किंवा गिलाव्यासकट पापुद्रा ओरबाडून काढावा लागतो. काही भाग हमखास जातो. म्हणून झाकणं हा परतीचा रस्ता उघडा ठेवणारा मार्ग. एक काळजी मात्र घ्यावी लागते. कापड भिंतीला चिकटता कामा नये, मागे हवा खेळायला जागा हवी. नाहीतर ओल अडकते आणि बुरशी धरते. आपल्याकडे जुन्या भित्तिचित्रांवर प्लास्टिक ताणून 'संरक्षण' करतात, ते याच कारणाने घातक.

प्रश्न : मुलगा तिथे शिकतो. पुढच्या पायऱ्यांवरून वर जायचं नाही म्हणतो. बंदी आहे का? – पालक, ठाणे

उत्तर : बंदी नाही, प्रथा आहे. पदवी हातात येईपर्यंत विद्यार्थी त्या पायऱ्या चढत नाहीत. पाहुण्यांना ती लागू नाही, आपण खुशाल चढा.